हसऱ्या चेहऱ्यावरचे बोट

तपासणीच्या खोलीबाहेरच्या टेबलावर त्या दिवशी दोन कागद ठेवलेले होते, एक माझ्या ताईसाठी आणि एक तिच्या साडेसहा वर्षांच्या मुलीसाठी. ताईच्या कागदावर प्रत्येक प्रश्नापुढे शून्य ते चार असे आकडे होते. मुलीच्या कागदावर आकड्यांच्या जागी तीन चेहरे होते, एक हसरा, एक धड ना हसरा धड ना रडका, आणि एक रडवेला. प्रश्न मात्र जवळजवळ तेच होते. धावायला जड जाते का, भीती वाटते का, इतर मुले खेळायला घेतात का, शाळा बुडते का. प्रत्यारोपण विभागाच्या समन्वयक बाईंनी दोघींना दोन कोपऱ्यांत बसवले आणि मला भाचीजवळ बसू देताना बजावले, की मी मध्ये बोलायचे नाही, मान हलवायची नाही, आणि जमल्यास चेहऱ्यावरही काही उमटू द्यायचे नाही. पुढची वीस मिनिटे मी आयुष्यात कधी बसले नव्हते इतकी गप्प बसले.

भाचीचे हृदय बदलले तेव्हा ती चौदा महिन्यांची होती. तिला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू ताणून सैल होत जाणारा आणि त्यामुळे रक्त पुढे ढकलण्याचे बळ गमावत जाणारा आजार होता. दूध पिताना दमणारे, घामाने भिजणारे, वजनाचा काटा न हलवणारे बाळ, ही त्या आजाराची घरात दिसलेली पहिली खूण. पुढे काही आठवडे तिच्या छातीतून निघालेल्या दोन जाड नळ्या शरीराबाहेरच्या एका पारदर्शक पंपाला जोडलेल्या होत्या. लहान मुलांसाठीचा तो पंप बर्लिन हार्ट या नावाने ओळखला जातो आणि दात्याचे हृदय मिळेपर्यंत अनेक बाळांना तोच तगवून धरतो. तो पंप भरताना आणि रिकामा होताना आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. आपल्या माणसाचे ठोके असे उघड्यावर पाहिले, की पुढे ते दिसेनासे होतात तेव्हाच चुकल्यासारखे वाटते, आणि ताईचे आजही तसेच होते; मुलगी झोपली की ती तिच्या छातीवर हात ठेवते.

यातले भाचीला काहीही आठवत नाही. हे वाक्य साधे दिसते, पण या विषयाची अर्धी गुंतागुंत त्यात आहे. मोठ्या वयात ज्याचे हृदय बदलते त्याच्याकडे एक ‘आधी’ असते. आधी जिना चढता येत नव्हता, आता येतो. आधी औषधे नव्हती, आता आहेत. त्याचे समाधान आणि त्याची कुरकुर दोन्ही या तुलनेतून येतात. चौदा महिन्यांच्या बाळाला असे ‘आधी’ नसते. छातीच्या मधोमध असलेला उभा व्रण, सकाळ-संध्याकाळची औषधे, मानेच्या शिरेतून होणाऱ्या तपासण्या, हे सगळे तिच्यासाठी हातापायांइतकेच नेहमीचे आहे. चार वर्षांची असताना तिने शेजारच्या मुलीच्या छातीवर व्रण नाही हे पाहून ‘तुझं अजून काढायचं राहिलंय का?’ असे विचारले होते.

आणि असा प्रश्न विचारणारे मूल असणे, हीच मुळात फार जुनी गोष्ट नाही. माणसाच्या हृदयाचे पहिले प्रत्यारोपण ३ डिसेंबर १९६७ रोजी ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाउनमध्ये केले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यानंतर तीनच दिवसांनी, ६ डिसेंबरला, एड्रियन कँट्रोविट्झ यांनी ब्रुकलिनमध्ये तीन आठवडेही पुरे न झालेल्या बाळाचे हृदय बदलले होते, हे कमी जणांना ठाऊक असते. ते बाळ काही तासच जगले. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या लोमा लिंडा येथे लिओनार्ड बेली यांनी एका नवजात मुलीला बबून जातीच्या माकडाचे हृदय बसवले, ती तीन आठवड्यांच्या आसपास जगली आणि जगभर त्यावरून वाद पेटला. पुढच्याच वर्षी त्यांनी चार दिवसांच्या एका मुलाला मानवी हृदय बसवले, आणि तो मुलगा मोठा होऊन प्रौढ झाला. मधल्या काळात, १९८३ मध्ये, सायक्लोस्पोरिन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली होती. शरीराने परके हृदय नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्तीला आवर घालणारे ते औषध नसते, तर शल्यविशारदांच्या कौशल्याला फारसा अर्थ उरला नसता. तोवर ‘जगेल का’ एवढाच प्रश्न होता. मुले वर्षानुवर्षे जगू लागली तेव्हा कुठे ‘कसे जगते’ हा प्रश्न विचारायची सोय झाली, आणि टेबलावरचे ते दोन कागद त्या सोयीतून आलेले आहेत.

त्या प्रश्नावलीचे नाव पेड्सक्यूएल. जेम्स वार्नी या मानसशास्त्रज्ञांनी ती तयार केली आणि १९९९ पासून ती निरनिराळ्या आजारांच्या मुलांसाठी वापरली जाते. तिच्या मूळ आराखड्यात २३ प्रश्न आहेत: शरीराचे ८, मनाचे ५, सोबत्यांचे ५ आणि शाळेचे ५. दोन वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आईवडील उत्तरे देऊ शकतात, आणि पाच वर्षांपासून मूल स्वतः. पाच ते सात या वयात प्रश्न मोठ्याने वाचून दाखवतात आणि मूल चेहऱ्यावर बोट ठेवते. मला या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते, की आईवडिलांचे उत्तर आल्यावरही मुलाचे उत्तर वेगळे मागितले जाते. मोठ्यांच्या जगात मुलांना असे क्वचित विचारले जाते.

भाचीने ‘धावायला त्रास होतो का’ या प्रश्नावर क्षणाचाही विचार न करता हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवले. नंतर मला कळले, की त्याच प्रश्नापुढे ताईने ‘बऱ्याचदा’ या अर्थाच्या आकड्यावर खूण केली होती. दोघींपैकी कोण चुकले, असे कोणीही विचारेल. मी तिला खेळताना पाहिलेले आहे, म्हणून माझे मत असे, की दोघीही बरोबर होत्या, आणि ते कसे हे सांगण्यासाठी थोडे हृदयाच्या नसांकडे, म्हणजे मज्जातंतूंकडे, वळावे लागेल.

प्रत्यारोपणात रक्तवाहिन्या जोडता येतात. मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या नसा मात्र कापल्या जातात आणि त्या जोडता येत नाहीत. आपले हृदय आरामात असताना संथ चालते, कारण व्हेगस नावाची नस त्याला सतत आवरून धरत असते; बदललेल्या हृदयावर हा लगाम नसतो, म्हणून ते बसल्या जागीही जरा जलदच धडधडते. उलट धावायला सुरुवात केली की आपल्या हृदयाला नसांकडून ताबडतोब निरोप पोचतो आणि दोन-चार पावलांतच ते वेग धरते. बदललेल्या हृदयाला हा निरोप रक्तातून वाहत येणाऱ्या ॲड्रेनालिनसारख्या रसायनांकडून, म्हणजे उशिराने मिळतो. पहिली काही मिनिटे पाय धावत असतात आणि हृदय अजून चालत असते. मग ते वेग धरते, आणि खेळ थांबून मुले पाणी प्यायला गेली तरी त्याची धडधड लगेच उतरत नाही. काही मुलांत वर्षांनंतर यातल्या थोड्या नसा पुन्हा वाढल्याच्या खुणा दिसतात, पण त्यावर विसंबता येत नाही.

हे शरीरशास्त्र भाचीला कुणी शिकवलेले नाही. तिने मात्र पकडापकडीसाठी स्वतःचा एक नियम केला आहे आणि तो सगळ्या टोळीकडून मंजूर करून घेतला आहे: पहिले राज्य तिच्यावर येणार नाही, दुसऱ्यापासून पुढे कितीही वेळा चालेल. पहिला डाव ती इकडून तिकडे रमतगमत फिरत काढते, कुणी पकडायला आले तर सरळ पकडली जाते, आणि दुसऱ्या डावात राज्य घेऊन सगळ्यांना दमवते. धडे गिरवणाऱ्या विद्यार्थ्याला व्यायामाआधी अंग मोकळे करण्याचे महत्त्व पटवायला मास्तरांना वर्ष लागते. तिने ते अंगणात, राज्यावरून भांडता भांडता शोधून काढले. तेव्हा तिच्या दृष्टीने धावायला त्रास होत नाही, हे खरेच आहे. ताईला मात्र अंगणाच्या कडेवरून पहिल्या डावातली मुलगी दिसते, आणि खेळ संपल्यावर पाच मिनिटांनीही मानेशी उडणारी शीर दिसते.

ताईच्या खुणेमागे आणखी एक गोष्ट होती. कालांतराने बदललेल्या हृदयाच्या धमन्या आतून सर्वत्र जाड होत अरुंद होऊ शकतात, आणि नसा तुटलेल्या असल्यामुळे तेव्हा छातीत कळ येईलच असे नसते. दुसऱ्या कुणाच्या शरीराने जी धोक्याची घंटा वाजवली असती, ती इथे गप्प राहू शकते. म्हणूनच मूल ठणठणीत दिसत असतानाही धमन्यांची चित्रे आणि हृदयाच्या स्नायूचे कणभर तुकडे काढून तपासणे चालूच ठेवतात. मूल मजेत आहे ही आईला निश्चिंत करणारी गोष्ट असायला हवी, आणि या आजारात नेमकी तेवढ्यावर निश्चिंत होण्याची मुभा नाही. मला वाटते, त्या कागदावर आई धोक्याविषयी उत्तर देत होती आणि मुलगी दिवसाविषयी. दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या अभ्यासांत आईवडिलांच्या उत्तरांवरून काढलेले गुण (जास्त गुण म्हणजे जगणे जास्त बरे) मुलांच्या स्वतःच्या गुणांपेक्षा कमी येतात, असे अनेकदा दिसून आले आहे, आणि त्याचे मला आता नवल वाटत नाही.

घरातला दिवस आठच्या दोन टोकांना बांधलेला आहे, सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ. टॅक्रोलिमस हे तिचे मुख्य औषध बारा-बारा तासांनी द्यावे लागते आणि रक्तातली त्याची पातळी अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते. पातळी उतरली तर शरीर हृदय नाकारू लागते. चढली तर जंतुसंसर्ग सोपा होतो, मूत्रपिंडे सोसतात, हात थरथरतात. भाचीच्या चित्रांतल्या रेषा एके काळी लाटांसारख्या येत, आणि आम्ही त्याचे कौतुक करत होतो. पुढच्या तपासणीत पातळी जास्त निघाली, मात्रा कमी झाली आणि रेषा सरळ आल्या. मुलाला जुलाब लागले की औषध वाहून जाईल असे कुणालाही वाटेल, पण प्रत्यक्षात त्या काळात टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते, म्हणून पोट बिघडल्यावर घरी घरगुती शहाणपण चालवायचे नाही, फोन करायचा. ज्या सकाळी पातळी तपासायची असते त्या सकाळचे औषध रक्त घेतल्यानंतरच द्यायचे असते, हे एकदा माझ्याकडून विसरले गेले होते. मी तिला ठरलेल्या वेळी, अगदी घड्याळ लावून, औषध पाजले, आणि सगळा हेलपाटा वाया गेला. ताई मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

बायोप्सीविषयी, म्हणजे हृदयाच्या स्नायूचे तुकडे काढून होणाऱ्या त्या तपासणीविषयी, मी थोडक्यात लिहिते, कारण मोठ्यांना तिची जितकी धास्ती वाटते तितकी भाचीला वाटत नाही. गुंगीचे औषध मिळते, तेव्हा त्यातले तिला काही कळत नाही. तिचा राग उपाशी राहण्यावर आहे, आणि मांडीच्या शिरेतून तपासणी झाली तर नंतर काही तास पाय न हलवता उताणे पडून राहण्यावर.

भीतीच्या प्रश्नावर तिचे बोट मधल्या चेहऱ्यावर गेले. समन्वयक बाई पुढे गेल्या, पण मला तिथे थांबावेसे वाटले, कारण ती कशाला घाबरते हे मला माहीत आहे. ती घरातल्या हळू आवाजातल्या बोलण्याला घाबरते. फोन आला आणि ताई दुसऱ्या खोलीत गेली, की ती खेळ थांबवून दाराकडे पाहते. मुलाला सर्व काही सांगावे की नाही, यावर मोठ्यांचे वाद चालू राहतात. मूल तोपर्यंत आवाजाच्या उंचीवरून स्वतःची बातमी तयार करून मोकळे होते. तिच्या दहा वर्षांच्या दादालाही हेच जमते. बहीण रुग्णालयात असताना त्याने कितीतरी रात्री आजीजवळ काढल्या, त्याला सर्दी झाली की आजही त्यालाच आपली बशी-वाटी वेगळी करून दुसऱ्या खोलीत झोपावे लागते, आणि त्याच्यासाठी तिसरा कागद कुणी काढलेला नाही.

सर्दीचा उल्लेख आला म्हणून सांगते. प्रत्यारोपणानंतर गोवर, गालगुंड, कांजिण्या यांच्या जिवंत विषाणूंपासून बनवलेल्या लसी सर्वसाधारणपणे देत नाहीत, कारण आवरून धरलेल्या प्रतिकारशक्तीला तो दुबळा विषाणूही झेपेल याची खात्री नसते. मग या मुलाचे संरक्षण कोण करते? त्याच्या बाकावर बसणारी मुले. वर्गातल्या इतर मुलांना वेळेवर लस मिळालेली असणे हा भाचीच्या शाळेत जाण्याचा खरा आधार आहे, आणि तो ताईच्या हातात अजिबात नाही. वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी कळवा, ही तिची शाळेला एकमेव विनंती आहे. मुलीला घरात ठेवले असते तर हा प्रश्नच आला नसता, असे तिला सुचवणारे भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालणे सोडून दिले आहे. घरात सुरक्षित ठेवण्यासाठी इतके सगळे केले नव्हते, एवढेच म्हणावेसे वाटते.

आकड्यांचे काय, असेही कोणी विचारतात. अशा प्रश्नावल्यांत या मुलांचे सरासरी गुण निरोगी मुलांपेक्षा कमी येतात आणि हृदयाचा इतर गंभीर आजार असलेल्या मुलांच्या जवळपास असतात. लक्ष एकाग्र करणे आणि शिकणे यांत अडचणी येण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त असते. त्यात प्रत्यारोपणाच्या आधी मेंदूला कमी पडलेल्या रक्ताचाही वाटा असतो. आयुष्याविषयी सांगायचे, तर पहिल्या वर्षातच हृदय बदललेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक मुले २० वर्षांपेक्षा जास्त काळ जगतात, आणि किशोरवयात बदलले तर हा काळ कमी भरतो. इतक्या लहान बाळांची प्रतिकारशक्ती अजून घडत असते, म्हणून ती परक्याला तुलनेने लवकर सामावून घेते. याच गुणाचा उपयोग करून लोरी वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरंटोमध्ये १९९६ पासून रक्तगट न जुळणारी हृदये तान्ह्या बाळांना यशस्वीपणे बसवली, आणि अनेक बाळांची प्रतीक्षा त्यामुळे आटोक्यात आली. पण निम्म्याहून अधिक या शब्दांत उरलेली निम्म्याहून कमी मुलेही असतात. ताईला बेरजेपेक्षा वजाबाकी चांगली येते. मुलगी सोळा वर्षांची होईल तेव्हा हृदय बदलून पंधरा वर्षे होत आलेली असतील, हा हिशेब तिने माझ्यासमोर एकदाच केला, भाजी निवडता निवडता, आणि त्याच दमात पुढच्या वर्षीच्या गणवेशाचे माप जरा सैल घ्यावे का असे विचारले. त्या वयातले आणखी एक संकट सगळ्याच विभागांना पाठ असते: औषधे स्वतःच्या हाती आल्यावर ती टाळू लागणारी किशोरवयीन मुले. ते आमच्यापासून अजून दूर आहे, म्हणून मी ते दूरच ठेवते.

ते हृदय कुणाचे होते, हे आम्हाला माहीत नाही आणि नियमाप्रमाणे माहीत व्हायचेही नाही. एवढे मात्र उघड आहे, की एवढ्याशा छातीत मावणारे हृदय एवढ्याशाच छातीतून आलेले असते. ज्या रात्री आमच्या घरात फोन वाजला त्या रात्री दुसऱ्या एका घरातल्या माणसांनी, कल्पनाही करवत नाही अशा अवस्थेत, एका कागदावर सही केली होती. ताईने त्यांना विभागामार्फत बिननावाचे पत्र लिहिले. त्यात आभार मानणारे वाक्य तिने चार वेळा खोडले आणि शेवटी मुलीला पहिला दात कधी आला, ती कधी चालायला लागली, एवढेच लिहिले. ते हृदय मुलीबरोबर वाढते, हे आम्हाला इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर दरवेळी दिसते. कप्प्यांची मापे तिच्या उंचीला धरून सरकत आली आहेत.

प्रश्नावलीत शेवटी शाळा होती. लक्ष देता येते का, हसरा चेहरा. गोष्टी विसरायला होतात का, मधला चेहरा. बरे नसल्यामुळे शाळा बुडते का, पुन्हा हसरा. आणि मग, डॉक्टरांकडे जाण्यासाठी शाळा बुडते का. इतका वेळ भराभर फिरणारे बोट रडवेल्या चेहऱ्यावर जाऊन बसले आणि तिथेच राहिले. सबंध कागदावर तिने त्या चेहऱ्याला हात लावला तो एकदाच.

“मंगळवारी माझी फळा पुसायची पाळी असते,” ती म्हणाली. “आणि मंगळवारीच इथे यावं लागतं. मग माझ्या बाकावरचा मुलगा पुसतो. तो वरचं पुसतच नाही.”

कागदावर या उत्तरासाठी जागा नव्हती. समन्वयक बाईंनी चेहऱ्याभोवती गोल काढला आणि समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिले. ताईचा कागद तोवर भरून झाला होता. शाळा बुडण्याच्या प्रश्नापुढे तिने शून्यावर खूण केली होती, म्हणजे काहीच अडचण नाही. तपासणीसाठी एखादा दिवस जाणे ही तिच्या लेखी अडचणच नव्हती. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून तिला ती जागा दाखवली. ताईने समासातले अक्षर वाचले, पुन्हा एकदा वाचले, आणि पिशवीतून तपासणीच्या तारखांची वही काढली.

“गुरुवार चालेल का हो तुम्हाला?” तिने विचारले.